अठरा की एकोणीस

मी छर्रे मोजायचे एक पितळी माप बोलतो आहे. मापाने तरी नेमके बोलावे, अशी तुमची अपेक्षा असणार. म्हणून आधीच कबूल करतो, की ज्या एका सकाळबद्दल मला सांगायचे आहे, तीच मला नीट आठवत नाही. त्या सकाळी मी एकदा रिकामा झालो की दोनदा, एवढाच प्रश्न आहे. पण त्यावर एका बाईचा डोळा आणि दोन म्हाताऱ्यांची झोप अवलंबून आहे.

माझा जन्म राजापूरच्या एका तांबटाकडे झाला. मी अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, गोल, बाजूला तारेची कडी असलेला. माझ्यात अडीच तोळे छर्रे मावतात. ज्याची ही गोष्ट आहे त्या मोरेश्वरच्या भाऊकाकांनी मला करवून घेतले आणि कडीत दोरी ओवून छर्र्यांच्या चामडी पिशवीला बांधले. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती.

अशी बंदूक आता फारशी कुणी पाहिलेली नसते, म्हणून सांगतो. ती तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग मापभर छर्रे, वर आणखी एक बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा. मला पिशवीतून भरून घेतले, की तर्जनीने वरचे जास्तीचे छर्रे निपटायचे आणि मग नळीत ओतायचे. नळीच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. म्हणून गजावर एक खूण केलेली असते. बार नीट भरला, की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. खूण वर राहिली, तर आत काहीतरी जास्त आहे.

भाऊकाका हिशेबी होते. हंगामाच्या सुरुवातीला ते पिशवीत मोजून वीस मापे घालत. ना एकोणीस, ना एकवीस.

१९६९ च्या पौषातली गोष्ट. मोरेश्वर पुण्याला पदार्थविज्ञान शिकत होता आणि सुट्टीत गावी आला होता. शेजारचा श्याम त्याच्याच वयाचा. त्याच्या घरी स्वतःची बंदूक होती. दोघे सकाळी कुळथाच्या शेतावर होले पक्षी मारायला निघाले. श्याम स्वतःच्या पिशवीतून छर्रे मुठीने घ्यायचा. मोरेश्वर त्यावर त्याला हसायचा. म्हणायचा, तुझी मूठ सकाळी एवढी आणि जेवल्यावर तेवढी. श्याम म्हणायचा, होल्याला कुठे कळतंय.

मोरेश्वरने बार भरला. मी रिकामा झालो, वरचा बोळा ठासला गेला, हे नक्की. तेवढ्यात श्यामची धाकटी बहीण दमयंती बांधावर आली. ती शेण्या गोळा करायला निघाली होती. तिने विचारले, “मोरू, पुण्याला होले नाहीत वाटतं? इथल्यांच्या मागे का लागलायस?” मोरेश्वर हसत तिच्याशी बोलत राहिला. ती डावीकडच्या करवंदीच्या जाळीमागे गेली. मग त्याने पुन्हा माझ्याकडे हात घातला, असे मला वाटते. मी पुन्हा भरलो, असे मला वाटते. गज आत गेला तेव्हा खूण बोटभर वर होती आणि त्याने ती पाहिली, असेही मला वाटते. नंतर त्याने पिशवीचे तोंड घट्ट बांधले. मी दोरीतून सुटलो होतो, म्हणून मला सदऱ्याच्या खिशात टाकले.

होले उडाले. दोघांनी जवळजवळ एकदमच बार काढले. मोरेश्वर दोन पावले मागे फेकला गेला. जाळीमागून ओरडणे ऐकू आले.

दमयंतीचा डावा डोळा गेला.

गावाने त्याच दिवशी निकाल लावला. ती इतकी बाजूला होती, की नीट मोजून भरलेल्या बंदुकीचे छर्रे तिथवर पसरणेच शक्य नव्हते. तसे पसरतात ते जास्त भरलेल्या बंदुकीचे. श्याम मुठीने भरतो, हे सगळ्यांना माहीत होते. भाऊकाकांनी मोरेश्वरला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मी मापाने भरली होती.”

वाक्य खरे होते. किती मापे, हे कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. श्यामने मान खाली घातली. मी मोरेश्वरच्या खिशात होतो. माझ्या नावावर दिलेली ती साक्ष मी ऐकली. मापाला तोंड असते, पण ते भरण्यापुरते आणि ओतण्यापुरतेच.

त्या रात्री मोरेश्वरने सदरा काढला तेव्हा उजवा खांदा काळानिळा झाला होता. एका मापाच्या बाराने खांदा एवढा दुखावत नाही. तो आठ दिवस उघड्याने विहिरीवर अंघोळीला गेला नाही.

शेतात पडलेली पिशवी श्यामने उचलून घरी नेली होती. भाऊकाकांनी ती परत मागितली नाही, कारण त्यांनी बंदूकच सरकारात जमा करून टाकली. मी मात्र मोरेश्वरबरोबर पुण्याला गेलो. पिशवी एकीकडे आणि माप दुसरीकडे. आता कुणाला मोजायचे म्हटले तरी मोजता येणार नव्हते. हे त्याने ठरवून केले का, ते मला सांगता येत नाही. त्यालाही सांगता येत नसावे.

पुढे तो प्राध्यापक झाला. मोजमापातल्या चुकांवर त्याने चाळीस वर्षे व्याख्याने दिली. मी त्याच्या टेबलाच्या खणात होतो. बायको गेल्यावर तो मुलीकडे, केतकीकडे, जपानात एदोगावाला राहायला आला. नारिताच्या विमानतळावर तपासणीत मला बाहेर काढले तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. हे काय आहे, असे त्या अधिकाऱ्याने विचारले. मसाल्याचे माप, असे त्याने सांगितले. माझ्यामुळे त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले धडधडीत खोटे. भाऊकाकांना सांगितलेले वाक्य निदान अर्धे तरी खरे होते.

केतकीने ते खरेच मानले आणि मला मोहरीच्या डब्यात टाकले. मोहरी माझ्यात पडताना अगदी बारीक छर्र्यांसारखीच वाजते. मोरेश्वर जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे आणि प्रत्येक फोडणीला त्याचे पान उलटायचे थांबे. आठवड्याभरात त्याने मला परत मागून घेतले. नात तन्वीने विचारले, “आजोबा, कोरे नानी?” हे काय, असे ती विचारत होती. तो म्हणाला, काही नाही. ती मराठीत म्हणाली, “काही नाही तर खिशात का ठेवता?”

एकदा त्याने मला फेकूनही पाहिले. पारदर्शक पिशवीत घालून खाली कचऱ्याच्या जागी ठेवले. पण तो दिवस जळणाऱ्या कचऱ्याचा होता आणि मी पितळेचा. संध्याकाळी इमारतीच्या रखवालदाराने मला वर चिकटवलेल्या सूचनेसकट परत आणून दिले आणि वाकून सांगितले, की धातू महिन्यातून दोनदाच. मोरेश्वरनेही वाकून माफी मागितली. तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

मग २०१८ मध्ये केतकीच्या तोयोसुच्या ऑफिसातला एक मुलगा घरी जेवायला आला. स्वानंद नावाचा. ती त्याला गमतीने, जपानी रीतीने, स्वानंद-सान म्हणायची. बोलता बोलता गाव निघाले, वाडी निघाली. तो श्यामचा मुलगा होता. घरी कोण कोण असते, असे केतकीने विचारले. तो म्हणाला, “आई, बाबा आणि दमयंतीआत्या. तिचा एक डोळा बाबांच्या हातून गेला, लहानपणी. तिला आधी वाढल्याशिवाय बाबा अजून ताटावर बसत नाहीत.”

मोरेश्वरने घास खाली ठेवला. वरणात मीठ जास्त झाले का, असे केतकीने विचारले.

श्याम एप्रिलमध्ये तीन महिन्यांसाठी मुलाकडे येणार होता. मधले दोन महिने मोरेश्वरने फार वाईट काढले. स्वानंदला सांगून गाठ टाळावी, असे त्याच्या मनात येई. मग मला बाहेर काढून तो तांदळाने भरी, निपटे, ओती. पुन्हा भरी. हाताला काही आठवते का, ते तो पाहत होता. हाताला सगळेच आठवे. एकदाही आठवे आणि दोनदाही.

कासाईच्या समुद्राकाठच्या बागेत दोघे भेटले. तळ्यावर बदके होती. एक थवा उडाला तशी श्यामने मान वळवली आणि लगेच खाली घातली. मोरेश्वरने खिशातून मला काढून बाकावर ठेवले. श्यामने ओळखले.

“भाऊकाकांचं?”

“हो. श्याम, मला नीट आठवत नाही. पण बहुधा मी दोन मापं घातली होती.”

श्यामने त्याच्या उजव्या खांद्याकडे पाहिले. मग म्हणाला, “खांद्याला लागलं होतं?”

“काळानिळा झाला होता. आठ दिवस.”

“मग तेव्हा का नाही दाखवलास?”

श्यामचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, “एकोणपन्नास वर्षं तिचं ताट वाढतोय मी. तू तिथे पोरांना तराजू शिकवत होतास.” मग त्याने मला उचलून मुठीत धरले. “पिशवी आहे माझ्याकडे. गाठ तीच आहे. वीसच होते ना आत?”

“वीस. त्या हंगामातला तो पहिलाच बार.”

“म्हणजे एकोणीस उरले असतील, नाहीतर अठरा. दमीला सांगायचं तर आकडा घेऊन सांग, मोऱ्या. तुझं ते ‘बहुधा’ घेऊन तिच्यासमोर जाऊ नकोस.”

तो मला घेऊन गावी परतला. मोरेश्वर दर महिन्याला फोन करून विचारी, मोजलेस का? श्याम म्हणे, सवड नाही. पाच वर्षे त्याला सवड झाली नाही. मी त्याच्या ट्रंकेत त्या पिशवीशेजारीच होतो, म्हणून कारण मला माहीत आहे. एकदा त्याने गाठ अर्धी सोडली आणि पुन्हा आवळली. एकोणीस निघाले असते, तर डोळा परत त्याच्याच माथी आला असता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला संशयाचा फायदा मिळाला होता आणि तो त्याला घालवायचा नव्हता. ताट तो पूर्वीसारखेच आधी वाढत राहिला. दमयंती एकदा म्हणाली, जपानहून आल्यापासून वाढताना बोलायला लागलायस. इकडे श्यामच्या प्रत्येक नकाराला मोरेश्वरलाही हायसे वाटत होते. फोन ठेवल्यावर त्याला त्याचीच लाज वाटे.

२०२३ च्या पावसाळ्यात श्याम गेला. ट्रंक उघडली तेव्हा पिशवीबरोबर मी सापडलो. हे माप कशाचे, असे दमयंतीने स्वानंदला विचारले. त्याला एवढेच माहीत होते, की बाबांनी ते मोरेश्वरकडून आणले होते. म्हणून तिने एदोगावाला फोन लावला आणि मोरेश्वरला सगळे सांगावे लागले, तेही आकड्याशिवाय. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढेच म्हणाली, “मग मोजूया की. त्यात एवढं काय?”

आज मी पुन्हा एदोगावात आहे. दमयंतीने मला स्वानंदबरोबर परत पाठवले. त्याचे आहे, त्याच्याकडे राहू दे, असा निरोप दिला. तो निरोप कसा घ्यायचा, हे मोरेश्वरला अजून ठरवता आलेले नाही. मी खिडकीत उघड्यावर असतो. तन्वी विचारते तेव्हा तो मी कशाचे माप आहे ते तिला सांगतो. माझी एकच विनंती आहे. कुणी मापाची साक्ष काढली, तर माप किती वेळा भरले तेही विचारा.

आता ती मोजणी सांगतो, जी मी मुद्दाम मागे ठेवली. दमयंतीने ओटीवर परात मांडली आणि तांब्याला टेकवून फोन उभा केला. फोनमध्ये मोरेश्वरचा चेहरा होता. चौपन्न वर्षांची गाठ विळीने कापावी लागली. छर्र्यांवर पांढरी भुकटी चढली होती. ती मला भरी, तर्जनीने निपटे, परातीत ओती आणि मोठ्याने आकडा म्हणे. एका डोळ्याने ती अगदी काठोकाठ मोजत होती. अठरा मापे भरली. मग तिने पिशवी उलटी करून झटकली. एकोणिसाव्या मापात तीन छर्रे पडले.