आत येण्याची अट

कॉम्प्युटरवरच्या त्या खेळातला माणूस मी आहे, हे मला त्याच्या पोटावरून कळलं. टक्कलही होतं, पण टक्कल काय, कुणालाही असतं. हातात हत्यारांची पेटी, खांद्यावर वायरचं वेटोळं आणि पट्ट्यावरून बाहेर डोकावणारं पोट. टिकलीने ते इतकं मनापासून काढलं होतं की रागवायलाही जागा नव्हती.

"हा कोण?" मी विचारलं.

"दुरुस्तीवाला," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली.

टिकली माझ्या बायकोची मुलगी. वय तेरा, चण टिकलीएवढी, म्हणून टिकली. तिचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. मी त्या घरात आलो त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत माझ्या वाट्याला तिची मोजून चार-पाच वाक्यं आली होती. चहा हवाय का, आईचा फोन होता, लाईट गेलेत. जेवायच्या वेळी ती आपलं ताट उचलायची आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

याला कारण मीच. पहिल्याच दिवशी मी कुणाला न विचारता खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो आणि "वाढा" म्हणालो. टिकली ताट घेऊन उठली. रात्री बायकोने सांगितलं, ती टिकलीच्या बाबांची खुर्ची. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल ओढून बसतो, टेबल हनुवटीला लागतं तरी. पण सुटलेला बाण काही भात्यात परत येत नाही.

शेवटी मी बायकोला सांगून टाकलं होतं. वर्ष पुरं होईपर्यंत बघू. तोवर पोर माझ्याबरोबर जेवायला बसली नाही, तर मी जुन्या खोलीवर राहायला जाईन, ती मोठी होईपर्यंत. बायको म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." फिरलं असेल. पण एका पोरीला तिच्याच घरात पाहुणी करून नवरेपण मिरवणं मला जमणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. मला ते घर आवडायला लागलं होतं. ती मुलगी आवडायला लागली होती. ते कुणाला सांगणार?

तर तो शनिवार होता. बायको नर्स आहे, तिची दिवसपाळी होती. मी जेवून पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. टिकली दारात येऊन उभी राहिली.

"आई फोनवर म्हणाली, बंद पडलेल्या वस्तू इथे दुरुस्त होतात."

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," मी म्हणालो. "कॉम्प्युटर नाही."

"तेच म्हटलं मी तिला." आणि वळलीच.

आता तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात घालवलेल्या माणसाला हे असं ऐकून घेणं जड जातं. "थांब," मी म्हणालो, "बघू तरी दे काय झालंय."

झालं होतं ते असं. शाळेच्या प्रदर्शनासाठी टिकलीने एक खेळ बनवला होता. एक घर, घरात एक मुलगी. नळ गळतो, दिवा जातो, मग ती मुलगी फोन करून दुरुस्तीवाल्याला बोलावते. त्याने आत येऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं. पण हा पठ्ठ्या यायचा आणि पायपुसण्यावर उभा राहायचा. दार सताड उघडं, तरी आत पाऊल टाकेना. सोमवारी प्रदर्शन.

"दोन दिवस झाले, असाच उभा आहे," ती म्हणाली.

माझ्या मनात आलं, दोनच? पण जीभ आवरली.

तिने खेळामागचं लिखाण उघडलं. सगळं इंग्रजीत, पण शब्द साधे. ती एकेका ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेली आणि मी सुटे भाग मागवायच्या यादीच्या कागदावर उतरवून घेत गेलो.

जर दुरुस्तीवाल्याला बोलावलं असेल, तर
  जर दार उघडं असेल, तर
    जर खुर्ची रिकामी असेल, तर
      दुरुस्तीवाला आत येतो.

"या ओळी अशा उजवीकडे का सरकत गेल्यात?"

"प्रश्नाच्या पोटात प्रश्न आहे म्हणून. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तरच कॉम्प्युटर दुसरा विचारतो. दुसऱ्याचं 'हो' आलं तरच तिसरा. एखाद्याचं 'नाही' आलं की पुढचे प्रश्न तो बघतच नाही. त्याच्या दृष्टीने ते नसतातच." मग जरा थांबून, "कळलं का?"

कळलं का म्हणे! मी पेन खाली ठेवलं. "अगं बये, ही तर लिफ्ट आहे."

"कुठे लिफ्ट?"

"ऐक. तू लिफ्टमध्ये शिरून पाचचं बटण दाबतेस. तुला वाटतं लिफ्ट लगेच बटणाकडे बघते. नाही. ती आधी विचारते, दारं नीट लागली का? लागली असतील, तरच विचारते, वजन बरोबर आहे का? ते बरोबर असेल, तरच तुझ्या पाचाकडे बघते. दार बोटभर उघडं राहिलं की तू बटण दाबून दाबून झिजवलंस तरी तुला कोण विचारतो! आणि लोक फोन करून काय सांगतात? बटण बिघडलंय."

टिकली पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघत होती. खुर्चीत पाय वर घेऊन बसली. "मग नक्की कुठे अडलंय ते कसं शोधायचं?"

"बाहेरून आत जायचं. प्रत्येक जोडाला एक बल्ब लावायचा. पेटला तर तिथवर वीज येतेय. जिथे पेटला नाही, तिथे पाणी मुरतंय. तुझ्या यात बल्ब लावता येतात?"

तिने जरा विचार केला. मग प्रत्येक प्रश्नाच्या खाली एकेक ओळ घातली. कॉम्प्युटर तिथवर पोचला तर स्क्रीनच्या कोपऱ्यात अक्षरं उमटवायची: 'बोलावलंय', 'दार उघडंय', 'खुर्ची रिकामी'. आम्ही खेळ चालू केला. दुरुस्तीवाला पोट सांभाळत आला, पायपुसण्यावर थांबला.

बोलावलंय. दार उघडंय. आणि पुढे काही नाही.

"खुर्ची!" मी म्हणालो. "चोर सापडला. पण मला सांग, आत यायला खुर्चीची परवानगी कशाला?"

"आत आल्यावर तो त्या खुर्चीत बसतो. तिथे आधीच कुणी असलं तर चित्रं एकमेकांत घुसतात. म्हणून आधी विचारून घ्यायचं."

"बरोबर आहे. पण खुर्ची तर रिकामी दिसतेय."

दिसत होतीच. खिडकीजवळ टेबल, टेबलाशी पिवळी खुर्ची, खुर्चीत कुणी नाही. टिकलीचे कान लाल झाले होते. मला वाटलं, चूक सापडली म्हणून लाजली.

"रिकामी नाहीये," ती हळूच म्हणाली. "दिसत नाही, पण बसलेत."

तिने बाजूच्या यादीत एका नावावर बाण नेला आणि दाबला. खुर्चीत एक माणूस आला. सडपातळ, चष्मा, एक पाय खुर्चीवर दुमडून घेतलेला, समोर पेपर. पानही उलटत होता, दर थोड्या वेळाने.

"हा खेळ मी गेल्या वर्षी सुरू केला होता," ती म्हणाली. "तेव्हा हे घर फक्त आमचं होतं. मग वाटलं, आई बघेल आणि रडेल. म्हणून लपवलं बाबांना. पुसलं नाही. लपवलेला माणूस कॉम्प्युटरला असतोच ना. मी विसरले होते."

विसरली होती का, ते मी विचारलं नाही. मी त्या माणसाकडे बघत होतो. भिंतीवरच्या फोटोत मी त्यांना रोज बघतो, पण फोटोत ते सरळ बसलेले आहेत. पाय असा दुमडून बसायची सवय मला कुणी सांगितली नव्हती. ज्यांच्या खुर्चीत मी बेधडक जाऊन बसलो ते कोण होते, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं, आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

"सोपं आहे आता," टिकली म्हणाली. आवाज कोरडा. "पुसून टाकते. खुर्ची रिकामी झाली की तो आत येईल." आणि तिचं बोट बटणावर गेलंसुद्धा.

"हात काढ!"

मी ओरडलो. चालू वायरला कुणी हात घालायला निघालं की ओरडतो, तसा. ती इतकी दचकली की तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मलाच कसंतरी झालं. आवाज खाली आणायला मला वेळ लागतो, पण आणला.

"चूक त्यांची नाही, बाळा. ते त्यांच्या जागेवर बसलेत. बसू देत. चूक तुझ्या ओळीची आहे. ती चुकीच्या प्रश्नाच्या पोटात जाऊन बसलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात येणं कशावर ठरतं? दारावर. बोलावलंय आणि दार उघडंय, झालं, माणूस आत. बसायचं कुठे, हा आत आल्यानंतरचा प्रश्न. तू आत येण्यालाच खुर्चीची अट घातलीस. मग एक तर तो जन्मभर पायपुसण्यावर, नाहीतर हे पुसून टाकायचे. दुसरा रस्ताच ठेवला नाहीस तू. असं कसं चालेल?"

तिने त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मग चष्म्याखालून हात फिरवून डोळे पुसले, शेवटची ओळ उचलली आणि वर नेऊन दाराच्या प्रश्नाखाली ठेवली, खुर्चीच्या आधी.

"आता खुर्ची रिकामी असेल, तर तो खुर्चीत बसतो," ती टाइप करता करता बोलली. "आणि रिकामी नसेल तर? 'नाहीतर' लिहायला हवं."

"लिहायलाच हवं. ज्या प्रश्नाला 'नाही'चा रस्ता नसतो, तिथे माणूस दोन मजल्यांच्या मध्ये लटकतो. असे किती काढलेत मी हात धरून!"

"नाहीतर काय करेल तो?"

"स्टूल असेल ना घरात एखादं," मी म्हणालो.

तिने स्टूल काढलं. बुटकं, तीन पायांचं. मी म्हटलं, एवढ्या पोटाला हे मोडेल. ती म्हणाली, मग पोट कमी करा. आणि हसली. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो आणि चहा उतू जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

बायको संध्याकाळी आली. चपला काढायच्या आत टिकलीने तिला ओढत कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तू खेळ."

बायकोने दिवा घालवला, फोन केला. दुरुस्तीवाला आला, पायपुसण्यावर पाय पुसले, आणि आत आला. खुर्चीत चष्मेवाला पेपर वाचत होता. दुरुस्तीवाल्याने स्टूल ओढलं, बसला, पाणी प्याला. बायकोचा हात तोंडावर गेला.

"पाय बघ कसा घेतलाय," ती म्हणाली, "कितीदा सांगायचे, खुर्चीवर पाय घेऊ नका," आणि ती हसता हसता रडायला लागली. टिकली घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. रडू दे. रडल्याने काही मोडत नाही. टिकलीने आईच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि दोघी कितीतरी वेळ त्या पेपरची पानं उलटताना बघत राहिल्या.

मग डोळे पुसून बायको म्हणाली, "आणि मी दारच लावून टाकलं तर?"

"तर तो बाहेरच राहणार," मी म्हणालो. मला आता सगळं कळत होतं ना! "दाराच्या प्रश्नाला 'नाहीतर' नाहीये. खुर्चीला आहे फक्त."

टिकलीने माउस आईकडे सरकवला.

बायकोने दार लावलं. दुरुस्तीवाला आला आणि बंद दारापुढे उभा राहिला. मी म्हणणार होतो, बघ, म्हटलं होतं ना. तेवढ्यात आत टेबलाशी जेवत बसलेली ती छोटी मुलगी उठली. हातातलं ताट तिने टेबलावरच ठेवलं. चालत दारापाशी गेली, टाचा उंच करून कडी काढली आणि तो आत येईपर्यंत दार धरून उभी राहिली.

"हे कधी लिहिलंस?" मी विचारलं.

"मघाशी. चहा उतू जात होता तेव्हा."

बायको माझ्याकडे बघत होती. मी कुणाकडेच बघितलं नाही. माउस हातात घेतला आणि दार परत लावलं. चांगला मेकॅनिक एका चाचणीवर विश्वास ठेवत नाही. मी पाच-सहा वेळा तरी ते दार लावलं असेल. दर वेळी ती मुलगी जेवणावरून उठली, आणि दर वेळी तिने दार उघडलं.