निळ्या पाण्याचा अंगारा

"बोला, काशीरामबाबा की जय!"

साकीनाक्यामागच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. लोखंडावर तांब्याचा मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या गाळ्यातून गटारात येणारं निळं पाणी बाबांनी बरणीत भरलं, त्यात मूठमूठ काळी राख टाकली, तासभर भजन झालं आणि फडक्यातून गाळलं तर पाणी नितळ! बाबांच्या गळ्यात हारांवर हार पडले.

माझ्या पोटात दुखलं. दुखणारच! मी सुबोध, दिंडोशीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नारळाच्या सोडणांचा कोळसा पाण्यातलं तांबं धरून ठेवतो, हा प्रयोग मी विज्ञान प्रदर्शनात मांडला होता. टेबलाशी जे आले, ते वडापाव कुठे मिळतो ते विचारायला. आणि हा गडी भक्तांच्याच नारळांची सोडणं मंडपामागे अर्धवट जाळून, त्या कोळशाला राख म्हणत माझाच प्रयोग दाखवत होता, आणि लोक रडत होते!

"पाण्यातलं विष आम्ही प्राशन केलं, बालकांनो," बाबा डोळे मिटून म्हणाले. "राखेत आता फक्त शक्ती उरली. लेकरांच्या जिभेवर लावा. भूक लागेल, बुद्धी येईल, कॉन्व्हेंटची अॅडमिशनसुद्धा होईल."

फडक्यातली ओली राख पुड्यांतून वाटली जाऊ लागली. रांगेत पुढेच माझी बहीण मालन, कडेवर दोन वर्षांची ऋतिका. मालनचं राखेचं बोट पोरीच्या ओठांपाशी पोचलं होतं. मी तिचा हात धरला.

"दादा, सोड रे! पोरगी जेवत नाय. तू नुसता जळतोस त्यांच्यावर."

"जळतोय! पण आधी ती पुडी दे."

मी बाबांच्या ताटातली लिंबं पेल्यात पिळली आणि पुडी त्यात रिकामी केली. मंडपवाल्याकडून लोखंडी खिळा घेतला, फरशीवर घासून चकचकीत केला आणि आत सोडला.

"भ्रष्ट केलंस!" बाबा ओरडले.

"थांबा की बाबा," मंडपवाला म्हणाला. "शक्तीला लिंबाचं काय भ्या?"

थोड्या वेळाने खिळा बाहेर काढला. लालसर झाला होता.

"आयला, तांबं चढलं!" गाळ्यात काम करणारा नितेश ओरडला. "हे तर आमच्यासारखं प्लेटिंग झालं!"

"विष कोणी प्यालं नाही," मी म्हणालो. "हे तांबंच ते विष, पाण्यातून राखेत जाऊन बसलं. लिंबातल्या आम्लाने सुटलं. पोटातही आम्लच असतं, तिथेही सुटेल. पाणी साफ केलं ते सोडणांनी, मंत्राने नव्हे. आणि नितळ दिसलं म्हणजे पिण्याजोगं झालं असंही नाही."

मालनने बोट ओढणीला खसाखसा पुसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा मंडपामागून कधी सटकले, कळलंही नाही.

तेवढ्यात रांगेतल्या म्हाताऱ्या सोनूबाई माझ्या पायाशी वाकल्या. "मास्तर, तुमीच खरे देव!"

खोटं कशाला सांगू, ते कौतुक मला हवंच होतं. पण मी पाय मागे घेतले.

"पाया पडू नका, सोनूबाई. यात काय आहे, कशावरून, असं विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा, मलाही विचारा. उत्तर मिळेपर्यंत लेकराच्या जिभेवर काहीही ठेवू नका."