तीन अक्षरी बेडूक

मी एक जुने शब्दकोडे आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली आणि टायरच्या जाहिरातीच्या शेजारी माझा जन्म झाला. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्याने नम्र असावे असा रिवाज आहे. तो मला जमणार नाही. मी माणसांना फार जवळून पाहिले आहे. इतक्या जवळून पाहिल्यावर आदर उरत नाही.

मला रचणाऱ्या बाईंपासूनच सुरुवात करतो. त्या बिस्किटे खात खात कोडी रचत. 'वाघाची मावशी, तीन अक्षरी' हा प्रश्न त्यांनी माझ्या कितीतरी भावंडांना चिकटवला होता. मलाही चिकटवला. वाचक तो दर वेळी नव्याने सोडवत आणि दर वेळी स्वतःवर खूश होत. अशा लोकांसाठी आम्ही जन्म घेतो.

छापून झाल्यावर मी एका दुमजली घरात पडलो. खाली थोरला भाऊ आणि त्याची बायको राहत. थोरला कोर्टात टंकलेखक होता, आता निवृत्त. वर धाकटा एकटाच राही. त्याचे चष्म्याचे दुकान होते. दोघेही साठी ओलांडलेले आणि दोघांचा एकमेकांशी कित्येक वर्षांचा अबोला.

अबोल्याचे कारण मला कोपऱ्यातल्या रद्दीने सांगितले. रद्दीत माझे वाडवडील होते आणि त्यांना दुसरे काम नव्हते. एकदा पाहुण्यांसमोर थोरला म्हणाला होता, "ह्याला काय विचारता? हा जगाला चष्मे देतो, पण ह्याला स्वतःला काही दिसत नाही." पाहुणे हसले. धाकटा शांतपणे म्हणाला, "दादा, तू जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं टाइप केलीस. हेही कुणाचंतरी असेल." तेव्हा मात्र कोणी हसले नाही. त्या दिवसापासून दोघांची तोंडे बंद झाली. कारण पाहा केवढे, आणि फुगा पाहा केवढा!

पण घरात वर्तमानपत्र एकच येई, आणि कोड्याशिवाय दोघांनाही चैन पडत नसे. मग थोरला सकाळी पेनाने आडवे शब्द भरी. वहिनी तो कागद वर नेई. धाकटा पेन्सिलने उभे शब्द भरी. दादाचे अक्षर चुकले असेल तर त्याभोवती गोल काढी. दुसऱ्या दिवशी उत्तरे छापून आली की थोरला त्या गोलांचा हिशेब चुकता करी. इतकी वर्षे दोन शहाणीसुरती माणसे आमच्या पाठीवर भांडत होती, आणि यालाच ती बुद्धीचा व्यायाम म्हणत होती.

माझ्या दिवशी वहिनी घरात नव्हती. ती बहिणीकडे गेली होती. जाताना नवऱ्याला म्हणाली होती, "आता तरी दोन शब्द बोला. मी काही तुमची पोस्टमन नाही."

"तो बोलला तर मी बोलेन," थोरला म्हणाला.

"आणि तो म्हणतो, दादा बोलला तर. बसा दोघं तोंड शिवून."

थोरल्याने माझे आडवे शब्द भरले. 'ओझे वाहणारा, तीन अक्षरी' याचे उत्तर त्याने झोकात लिहिले: गाढव. मग मला जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवून तो खाली गेला. तिथून मला उचलणे धाकट्याचे काम होते.

मला कोणी उचलले नाही. पायरीवर ऊन आले, तरी मी तिथेच. थोरला खोलीच्या दारातून मान काढून बघे आणि आत जाई. पुन्हा येई, पुन्हा बघे. "फुगलाय," असे तो एकदा स्वतःशीच म्हणाला. वर जायला पंधरावीस पायऱ्या होत्या, आणि त्याचे गुडघे चांगले ठणठणीत होते. तरी हा गृहस्थ जेवला, लवंडला आणि उठून पुन्हा मला बघायला आला. ऊन भिंतीवर चढले होते. वरच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली त्याला तेव्हा दिसली. ती सकाळपासून तिथेच होती.

त्याने मला उचलले आणि वर जाऊन दारासमोर उभा राहिला. इतक्या वर्षांनी भावाशी बोलायची वेळ आली आणि हा काय म्हणाला असेल?

"कोडं सोडवायचं नसेल तर तसं सांगावं."

आतून टकटक आवाज आला. कोणीतरी चमच्याने फरशीवर ठोकत होते. थोरल्याने मला तसेच खिशात कोंबले आणि मी चुरगळलो. तो धावत खाली गेला आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला घेऊन आला. इस्त्रीवाल्याने खांदा लावून कडी तोडली. धाकटा ओट्याखाली पडला होता. पाय वेडावाकडा दुमडला होता, ओठ सुकले होते. तो पहाटेच घसरला होता. बंद दाराआडून हाका मारून मारून घसा बसला होता, पण खाली काही पोचले नव्हते.

त्याने भावाकडे पाहिले. "पेपर आला का?"

"आला," थोरला म्हणाला, आणि तिथेच फरशीवर बसला. इस्त्रीवाला ओरडला, "अहो, बसताय काय? गाडी बोलवा." हे सांगायलाही तिसरा माणूस लागला.

मांडीचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर धाकटा औषधांच्या गुंगीत होता. थोरल्याने खिशातून मला काढले आणि सरळ केले.

"उभे शब्द राहिलेत तुझे. वाचू?"

"वाच."

"पाठीवर घर घेऊन हिंडतो, पाण्यातही राहतो. तीन अक्षरी."

मित्रांनो, हे तुम्हालाही येते. शेवटचे अक्षर तर गाढवाच्या 'व'मुळे आयते लिहिलेले होते.

धाकट्याने बराच विचार केला. "बेडूक," तो म्हणाला.

मी गोलाची वाट पाहिली. थोरल्याने पेन उघडले आणि बेडूक लिहिले. शेवटचा 'व' आडवा आला, तर त्याच्यावरच गिरवून ठसठशीत 'क' केला. माझ्या गाढवाचा गाढक झाला.

"बरोबर आहे ना, दादा?"

"अगदी बरोबर."

सलाईन बघायला आलेली नर्स माझ्यावर वाकली. "गाढक म्हणजे काय हो?"

"असतो एक प्राणी," थोरला म्हणाला. "ओझी वाहतो."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तरे आली. थोरल्याने तेवढा चौकोन कात्रीने कापून कचऱ्यात टाकला आणि मगच पेपर भावाच्या हातात दिला.

आता मी चष्म्याच्या एका डबीत घडी होऊन पडलो आहे. अशुद्ध, खाडाखोड झालेला, माझ्या साऱ्या भावंडांत एकटाच मुद्दाम चुकवलेला. तुमच्याबद्दल माझे मत फारसे बदललेले नाही. तरी एक विनंती करतो. आम्हाला पेन्सिलने सोडवा, आमच्यावर चहाचे कप ठेवू नका. आणि घरातले कोणी कोडे सोडवायला आले नाही, तर उत्तरे शोधत बसू नका. आधी त्याला हाक मारा. काय बोलावे हे सुचले नाही, तर काहीतरी चुकीचे बोला. तेही चालते.