विंडोज काढायच्या दिवशी घातलेलं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. नाहूरला जयवंत परबांच्या घरी खिडकीखालचं टेबल ही माझी जागा. माझा पंखा घरघरतो, आणि स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट. लाइट लुकलुकली की मी काम अर्धवट सोडून बंद पडतो. कोणी चहाचा कप घेऊन जवळ आलं की जीव वर-खाली होतो. तेव्हा बोलता बोलता मी मध्येच अडखळलो तर हसू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, असं मला म्हणता येत नाही. डबा एकीकडचा, डिस्क दुसरीकडची, पडदा तिसरीकडचा. जयवंतरावांनी ग्रँट रोडच्या बाजारात उभं राहून, दुकानदाराशी घासाघीस करून मला जोडून घेतलं आणि टॅक्सीत मांडीवर धरून घरी आणलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे शकुने, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं. त्या हळदीचा एक डाग माझ्या बटणाशेजारी अजून आहे. पुसू म्हटलं तरी तो जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

शकुने लग्नाआधी मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली होती. माझ्यावर तीच टाइपरायटरची अक्षरमांडणी बसवून घेतली आणि तिने घरबसल्या काम सुरू केलं. लग्नपत्रिका, बारसं, वास्तुशांत, गावच्या मंडळाची पत्रकं. भांडुप, कांजूर, मुलुंड, कुठून कुठून लोक यायचे. कोणत्या घरात मामाचं नाव आधी घालायचं, कोणती आत्या नाव राहिलं तर रुसेल, हे सगळं शकुला पाठ. पत्रिकेच्या खाली लहान मुलांची ओळ असते ना, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!", ती ओळ ती नेहमी शेवटी टाइप करायची आणि टाइप करताना स्वतःशीच हसायची. लोक म्हणायचे, "शकुवहिनींचा कॉम्प्युटर म्हणजे झकास!" खरं तर कौतुक तिचं होतं. मी आपलं अर्धं माझ्याकडे ठेवून घ्यायचो.

तिची पंधरा वर्षांची मेहनत माझ्या पोटात आहे. "शकु काम" नावाचं एक फोल्डर. तेवढंच माझं खरं वैभव, बाकी सगळा पत्रा.

पुढे पत्रिका मोबाइलवर यायला लागल्या. मुलगी अपूर्वा अंधेरीला नोकरीला लागली आणि तिचा चपटा लॅपटॉप घरात आला. माझ्यावर टॉवेल वाळत पडू लागले. तरी जुनी माणसं छापील पत्रिकेसाठी यायचीच, म्हणून मी टिकून होतो.

आणि मग तो संदेश आला. माझ्या पडद्यावर माझाच निकाल. विंडोज दहाची मुदत संपली, यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. विंडोज अकरा घ्या. आणि अकरासाठी मी चालणार नाही म्हणे! अहो, दहावी पास झालो म्हणून मिरवत होतो, आणि अकरावीला प्रवेशच नाही!

शेजारचा हर्षद आला तो थेट म्हणाला, "काका, भंगारात द्या. नवा घ्या."

अपूर्वा म्हणाली, "कशाला? विंडोजच्या जागी लिनक्स टाकू ना. आमच्या ऑफिसात जुनी मशीन्स त्याच्यावरच चालतात. फुकट आहे, हलकं आहे."

"लिनक्स? काळ्या पडद्यावर कमांड मारत बसायचं? काकूंची वाट लागेल!"

"तू शेवटचं कधी बघितलंस रे लिनक्स?" अपूर्वाने विचारलं. हर्षद चपला घालून निघाला. पण शकुच्या चेहऱ्यावर भीती बसायची ती बसलीच. आणि माझ्यावर दुप्पट बसली. विंडोज काढली की मी मीच राहणार, की दुसराच कोणी? उघड्या खिडकीसारखी ती असुरक्षित विंडोज ठेवली तर एखादा व्हायरस शिरून सगळं कुलूपबंद करेल. भंगारात दिलं तर प्रश्नच मिटला. तिन्ही वाटा वाईट दिसत होत्या.

अपूर्वा शहाणी पोर. तिने मला हात न लावता आधी एका पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवलं. पाहुणा दारातच उभा करावा तसं. शकुने भीत भीत एक जुनी पत्रिका उघडली. आणि मित्रांनो, पडद्यावर मराठी नव्हतीच! फुल्या, उलटे स्वल्पविराम, कसलीतरी इंग्रजी अक्षरं. शकुने कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

"गेलां सगळां," ती म्हणाली.

"आई, काही गेलं नाही गं. तुझा जुना फॉन्ट इथे नाहीये, एवढंच." अपूर्वाने माझ्याच पोटातून तो फॉन्ट शोधून तिकडे ठेवला आणि पत्रिका पुन्हा उघडली. सगळी नावं जागच्या जागी. मग तिने टाइपरायटरची अक्षरमांडणीही लावून दिली. शकुने दोन ओळी मारून बघितल्या, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा नाही.

"जमात," ती हळूच म्हणाली. "पण माझा काम जसाच्या तसा रवाक होया. नायतर माका तुमचा लिनक्स नको आणि फिनक्स पण नको."

रविवार ठरला. मानखुर्दच्या रेवतीच्या लग्नाची पत्रिका सोमवारी छपाईला जायची होती, मजकूर अर्धा तयार होता. त्याआधी नवी सिस्टीम बसवून मोकळं व्हायचं. बॅकअपची जबाबदारी जयवंतरावांनी घेतली. "माझा घर, माझी मशीन, मी करतंय," असं म्हणून ते माझ्यासमोर बसले.

आणि इथे माझी झोप उडाली. माझ्या पडद्यावर "शकु काम" असं जे चित्र दिसतं ना, ते खरं फोल्डर नव्हे. तो नुसता पत्ता आहे. त्याच्या कोपऱ्यात एक छोटासा बाणही असतो. खरं फोल्डर आत डी ड्राइव्हमध्ये. जयवंतरावांनी ते चित्र उचललं आणि पेनड्राइव्हवर टाकलं. म्हणजे घर सोडून घराचा पत्ता बांधून घेतला! मी मनात म्हटलं, आता तपासतील. त्यांनी तपासलंही. पेनड्राइव्हवरचं चित्र दाबलं, आणि सगळ्या पत्रिका उघडल्या. उघडणारच! पेनड्राइव्ह माझ्याच अंगाला लावलेला, पत्ता माझाच, सामान माझ्याच पोटात. जयवंतराव समाधानाने मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "झालां बॅकअप."

अहो कसलं झालं! मी पंखा जोरात फिरवला. तापलो. एकदा तर अडकूनच बसलो. जयवंतराव म्हणाले, "बघ, ह्यो डबो म्हातारो झालो हा. बरां झालां बदलतोंव तां." मला तोंड नाही, मित्रांनो, याचं एवढं दुःख मला कधीच झालं नव्हतं.

रविवारी सकाळी अपूर्वा लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन बसली. "पप्पा, आता पूर्ण डिस्क पुसली जाणार. बॅकअप घेतलाय ना?"

"घेतलंय. तपासलंय पण."

तिने मान हलवली. पण जयवंतराव कोकणातले. घरात साधा पंखा बसवला तरी देवाला सांगितल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. त्यांनी माझ्यासमोर नारळ ठेवला, बॅकअपचा पेनड्राइव्ह नारळाशेजारी ठेवला, टोपी घातली आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मायलेकी म्हणाल्या.

"आज तुजी ही लेकरां ह्या कॉम्प्युटराक नवी सिस्टीम घालतत. वायरीक, लायटीक, माणसाक काय इजा होऊ देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"शकुचा पंधरा वर्षांचा काम जसाच्या तसा रवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी शकुचा आवाज मोठा होता.

"आणि आमच्या हातसून काय चुकला-माकला असात, तर तां पदरात घे, म्हाराजा!"

अपूर्वा "व्हय म्हाराजा" म्हणाली. शकु म्हणाली नाही.

"अगो, म्हण की," जयवंतराव म्हणाले.

"चुकलां असला तर देव पदरात घेयत," शकु म्हणाली, "पण माझ्यो पत्रिका कोण पदरात घेयत? गाऱ्हाण्यात तुम्हीच चुकला-माकला म्हणतास. मग आधी बघूया तरी. अपूर्वा, तो पेनड्राइव्ह तुझ्या लॅपटॉपाक लाव."

"आई, पप्पांनी तपासलंय गं."

"तरी लाव."

अपूर्वाने लावला. चित्र दाबलं. लॅपटॉपने सांगितलं, असं काही सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिने तो छोटा बाण बघितला आणि तिचा हात तोंडावर गेला. "पप्पा, हा शॉर्टकट आहे. यात काहीच नाहीये. आपण आत्ता पुसलं असतं ना..."

जयवंतराव टोपी हातात घेऊन बसले. "माझ्या हातान गेलां असतां गो," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. शकु एरवी त्यांना सोडत नाही, पण त्या दिवशी तिने नुसतं पाणी आणून दिलं. आणि मी? मी तर आनंदाने घरघरत होतो. कोणाला कळलं नाही, पण "व्हय म्हाराजा" मीही म्हटलं.

अपूर्वाने खरं फोल्डर काढलं. पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपवरही घेतलं, आणि पेनड्राइव्ह माझ्यापासून सोडवून लॅपटॉपवर एकेक पत्रिका उघडून दाखवली. जुना फॉन्टही आठवणीने घेतला. मगच जयवंतरावांनी गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं. शेवटच्या ओळीला शकुने सगळ्यांत मोठ्याने साथ दिली.

मग अपूर्वाने बटण दाबलं. मी घाबरलो का? घाबरलो. हळूहळू एकेक खोली रिकामी होत गेली आणि मग मला काहीच कळेना.

जागा झालो तेव्हा पडदा वेगळा होता, रंग वेगळे होते. मी कोण, हेच कळत नव्हतं. तेवढ्यात ओळखीच्या बोटांचं वजन कीबोर्डवर आलं. मधल्या ओळीवर जरा थांबणारं, उजव्या करंगळीने जोरात दाबणारं. पेनड्राइव्हवरून परत आलेली रेवतीची पत्रिका समोर उघडली होती. शकु उरलेला मजकूर भरत गेली, अडखळत, मग सरळ. सगळ्यांत शेवटी तिने ती मुलांची ओळ टाइप केली, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!", आणि स्वतःशीच हसली.

मग तिने हात पुढे करून माझ्या हळदीच्या डागावर बोट ठेवलं. "तोच आसा, माझो जुनो," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल, तर त्याला भंगारात द्यायची घाई करू नका. विंडोज ठेवा, लिनक्स घाला, तुमची मर्जी. फक्त पुसायच्या आधी तुमचं सामान दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. आम्हाला आतलं सगळं ठाऊक असतं हो, पण आम्हाला ओरडता येत नाही.