वाकडी करंगळी

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराचा उतार सुरू होण्याआधी रस्ता जिथे वळतो, तिथे तो फलक उभा होता. शालन त्याच्यासमोर येऊन थांबली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. वर येणाऱ्या मासळीच्या गाड्या डांबरावर बर्फाच्या पाण्याची बारीक रेघ ओढत जात होत्या आणि उन्हात ती रेघ पाहता पाहता पुसली जात होती. राजापूरहून पहिली एस.टी. पकडून ती आली होती. काखेतल्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली तसबीर होती. मान वर करायला तिला थोडा वेळ लागला. सुहास दोन मजल्यांएवढा झाला होता. एवढा मोठा मुलगा पाहायची तिच्या डोळ्यांना सवय नव्हती.

त्याच्या छातीवर लाल अक्षरांत लिहिले होते : सुहासच्या रक्ताचा सूड घेणारच. त्याखाली मताचे आवाहन आणि चिन्ह. आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस. पांढरा सदरा, मिटलेले ओठ, दुःखाला शोभेल इतपतच हसू. त्याचा हात सुहासच्या खांद्यावर होता.

तो हात शालनचा होता.

दोन दिवसांपूर्वी काजूच्या कारखान्यात, तिच्या शेजारच्या यंत्रावर बसणाऱ्या अक्षयाने मोबाइल पुढे केला होता. सुहासदादा रत्नागिरीत लागलाय, काकी, असे ती म्हणाली, तशा साऱ्या जणी हातातले काम टाकून भोवती जमल्या. कुणीतरी मोठ्याने वाचले, आणि कुणीतरी विचारले, "सूड कुणावर घेनार गो? बर्फावर?" विचारणारीने लगेच जीभ चावली. कारण सगळ्यांना ठाऊक होते. गेल्या वर्षी जानेवारीत सुहासच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला होता. गोळी नव्हती, रक्त नव्हते. शत्रू म्हणावा तर एक डोंगर, आणि तो अजून तिथेच उभा होता.

शालनने मात्र अक्षरे पाहिलीच नव्हती. अक्षयाने दोन बोटांनी चित्र मोठे केले तेव्हा तिला करंगळी दिसली. सुहास दहावीत असताना काजू फोडायच्या यंत्राच्या पात्यात तिची डावी करंगळी सापडली होती. हाड जुळले ते वाकडेच जुळले. काजूच्या तेलाने बोटांवर पडलेले काळे डाग कुणीतरी कौशल्याने पुसले होते, हिरव्या बांगड्या काढल्या होत्या, मनगटाला पांढरी बाही चढवली होती. करंगळी सरळ करायचे तेवढे राहून गेले होते.

मूळचे छायाचित्र राजापूरच्या एका स्टुडिओतले. सुहास प्रशिक्षण संपवून पहिल्या रजेवर आला होता. त्याचे वडील सहदेव तो नववीत असतानाच गेले होते, बहीण मुंबईला, त्यामुळे गणवेश दाखवायला घरात त्याला एकच माणूस उरले होते. ती त्याच्या काखेपर्यंतही पोचत नसे, म्हणून तो स्टुलावर बसला आणि तिला म्हणाला, "आये, हात ठेव खांद्यावर. नायतर लोकांना वाटंल, फोटो काढताना वळखीचं कुनी नव्हतंच." तिने ठेवला, पण वाकडे बोट मुठीत लपवून. त्याने ते हळूच ओढून बाहेर काढले. "दिसू दे," तो म्हणाला, "हिच्यावरच शिकलो मी."

ते छायाचित्र कुणी चोरले नव्हते, हे तिला सगळ्यात जास्त सलत होते. वरच्या वाडीतला नितेश, सुहासच्या वर्गातला, महिन्यामागे घरी आला होता. मंडळाच्या पोरांना श्रद्धांजलीचा फलक लावायचाय म्हणाला. तिनेच तसबीर भिंतीवरून उतरवली, पदराने काच पुसली, घरापुढच्या खळ्यात उन्हाची तिरीप काचेवर पडू नये म्हणून तिरकी धरून उभी राहिली. नितेशने मोबाइलवर टिपले. जाताना त्याला तिने कोकम सरबत दिले. आठवड्याभरात निवडणूक जाहीर झाली आणि श्रद्धांजलीचा प्रचार झाला.

आता तिला एवढेच हवे होते : त्या माणसाचा हात सुहासच्या खांद्यावरून निघावा. कुणावर राग काढायचा नव्हता. सूड तर नकोच होता.

प्रचाराची कचेरी बाजारपेठेत होती. दारात झेंड्यांच्या काठ्यांचा भारा पडलेला, आत पंखा आणि घोषणांची तालीम. नितेश धावत बाहेर आला, काकीसाठी खुर्ची मागवली, आजूबाजूच्यांना सांगू लागला की ही सुहासची आई. दोघा-तिघांनी येऊन तिच्या पायांना हात लावला. त्यांची डोकी खाली वाकलेली असताना तिला त्यांचे चेहरे दिसले नाहीत, आणि वर उठल्यावर ते दुसरीकडे पाहत होते.

तिने पिशवीतून तसबीर काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या काचेवर आपला डावा हात ठेवला.

नितेशने काचेतल्या आणि काचेवरच्या अशा दोन्ही हातांकडे पाहिले. मग आवाज उतरवून म्हणाला, की हे बनवणाऱ्याने काय केले ते त्याला खरेच ठाऊक नव्हते. पण साहेबांनी खांद्यावर हात ठेवला म्हणजे घर आपले मानले, हा मानच आहे.

"हात माझा हाय, नितेश."

"हाय गो काकी. पन तू बाजूला आसतीस तर सायबांना कुठं बसवायचा?" तो हसला, आणि हसू अर्ध्यावर आल्यावर त्याला ते गिळता येईना. "त्याच्यात जागा दोघांचीच हाय."

ती उठली. मागून त्याने जेवून जा म्हणून हाक मारली. ती हाक खोटी नव्हती. म्हणूनच तिने वळून पाहिले नाही.

आचारसंहितेच्या तक्रारी घेणारी खोली तिला विचारत विचारत सापडली. टेबलामागे चष्म्याचे, घामेजलेले गृहस्थ होते. त्यांनी आधी तिला पाणी दिले, मग तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. त्या दिवसात तसे ऐकणारे ते एकटेच. तिने तसबीर टेबलावर ठेवली. त्यांनी मोबाइलवर फलकाचे चित्र मागवून घेतले, ते तसबिरीशेजारी धरले, आणि तिसरा तिचा हात. तिन्ही करंगळ्या एकाच बाजूला कललेल्या. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

सैनिकाचे छायाचित्र प्रचारात वापरता येत नाही, ते म्हणाले, तेवढ्यावर आजच्या आज कारवाई होईल. त्यांनी अर्ज स्वतःच लिहून काढला आणि तिला वाचून दाखवला. त्यात सुहासचे नाव होते, पलटणीचे होते, फलकाची जागा होती. हाताबद्दल काही नव्हते.

"आनि हात?" तिने विचारले.

त्यांनी अर्जावरून पुन्हा नजर फिरवली. "हाताबद्दल नियम नाही, बाई."

तिने सही केली. शालन सहदेव, आणि पुढे आडनाव. अक्षरे सावकाश, एकमेकींपासून दूर उभी. आपण काय मागितले आणि कागदावर काय उतरले, यांच्यातली फट तिला जाणवली होती. पण फलक गेला की हातही जाईलच, असे तिने मनाशी धरले. मुलगा आणि हात वेगळे करता येतात, हे फलक बनवणाऱ्याला सुचले होते. तिला सुचले नव्हते.

दुपारभर ती फलकासमोरच्या बंद टपरीच्या आडोशाला बसून राहिली. खाली बंदरात बोटी लागल्या, लिलावाचा गलका उठला, विरला. मासळीच्या टोपल्या घेऊन बायका वर आल्या, फलकाच्याच सावलीत टेकल्या, पान खाऊन निघून गेल्या. एकीनेही वर पाहिले नाही. फलकांकडे कुणी पाहत नाही, हे शालनला त्या दुपारी कळले. फलक फक्त त्यांच्याखालून जाणाऱ्यांकडे पाहत असतात. तिने मुंबईला करुणाला, आपल्या मुलीला, फोन लावला. ती कामावर होती. संध्याकाळी करते, आये, एवढेच म्हणाली. शालनने बरे म्हटले. सांगण्यासारखे तोवर काही झालेही नव्हते.

साडेचारला निवडणूक खात्याची जीप आली. एक साहेब, कागद हातात घेतलेला. आणि शिडी, कागदाची गुंडाळी, खळीची बादली घेऊन दादू नावाचा वयस्क कामगार. दादूने शिडी लावली, वर चढला आणि पांढऱ्या कागदाचा पहिला ताव सुहासच्या छातीवर चिकटवला. लाल अक्षरे गेली. शालन उठून उभी राहिली. दुसरा ताव गळ्यावर बसला. तिसऱ्यासाठी दादूने कुंचला बादलीत बुडवला तेव्हा तिला काय चालले आहे ते उमगले, आणि ती रस्ता ओलांडून शिडीच्या पायथ्याशी गेली.

सगळाच उतरवा ना, ती म्हणाली. साहेबांनी कागद वाचून दाखवला. फलकाला रीतसर परवानगी होती, उमेदवाराला होती, चिन्हाला होती. परवानगी नव्हती ती फक्त सैनिकाला. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. दिवसभरातला हा त्यांचा नववा फलक होता.

"मग तो हात तरी झाका," शालन म्हणाली. "माझा हाय त्यो."

दादूने शिडीवरून खाली पाहिले. साहेबांकडे पाहिले. मग तिलाच समजावल्यासारखा बोलला, "बाय, हात उमेदवाराच्या अंगाचा हाय. त्याच्या अंगाला आमी हात लावायचा नाय."

तिसरा ताव वर गेला. ओठ, ज्यांवर स्टुडिओतले ते हसू जेमतेम आवरलेले होते, मग नाक, मग डोळे. तिने डोळे मिटले नाहीत. तिच्याच सहीने ते झाकले जात होते, तेव्हा पाहणे भाग होते. शेवटी खांदा उरला. दादू नेटक्या हाताचा माणूस होता. हातावर आलेला कागद त्याने ओढून फाडला नाही. पाते काढून बोटांच्या कडेकडेने, एकेका बोटाला वळसा घालत त्याने तो कापला. करंगळीपाशी पाते अडले. त्याने मान तिरकी करून ते वाकडेपण निरखले आणि तितकेच वाकडे कापले.

जीप निघून गेली. वाऱ्याने खळ वाळू लागली.

डावीकडे उमेदवार होता, दुःखाला शोभेल इतपत हसणारा. उजवीकडे माणसाच्या आकाराचा कोरा पांढरा कागद. आणि त्या पांढऱ्यावर, कशावर ठेवला आहे ते न कळणारा, तिचा हात.

तिला तो ओळखीचा वाटला. गावच्या बुद्धविहारासमोर सुहासची पेटी ठेवली होती तेव्हा तो असाच होता. पेटी उघडायची नाही, असे बरोबर आलेल्या अधिकाऱ्याने आधीच सांगितले होते. बर्फाखालून सापडायला अकरा दिवस लागले होते. तिने कापडावरून, खांदा साधारण जिथे असेल तिथे, हात ठेवला होता. वंदना संपली, बिगूल वाजून गेला, तरी तो तिथेच राहिला. मग एका तरुण जवानाने दोन्ही हातांनी तो अलगद उचलला आणि तिच्या पदरात आणून ठेवला होता.

शालन टपरीच्या आडोशाला ठेवलेल्या पिशवीकडे परतली. राजापूरची साडेपाचची गाडी धरायची होती आणि स्थानक लांब होते. तसबिरीभोवतीचा टॉवेल तिने नीट केला, पिशवी काखेत धरली, आणि चालू लागल्यावर डावा हात उजव्या हाताने उचलून पदराखाली घेतला.