सासूबाईंची बैठक आणि फोरमनचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. दिसायला शर्टाच्या गुंडीएवढा, पण काम मोलाचं! कारखान्यातल्या साच्याच्या तळाशी माझी जागा. माझ्यावर जवसाच्या धाग्यांचं कापड अंथरतात आणि त्यात वनस्पतीच्या तेलापासून केलेलं रेझिन, म्हणजे एक चिकट द्रव, भरून साचा तापवतात. मी त्यात बारीकशी वीज सोडतो. रेझिन पातळ असलं की ते तिला खुशाल वाट देतं. घट्ट होऊ लागलं की आडमुठेपणा करतं. हे सगळं मी पडद्यावरच्या रेषेतून कळवतो. रेषा उतरत जाऊन सपाट झाली की समजावं, माल आतपर्यंत पक्का झाला.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मला पुसूनबिसून दाखवत. पुढे नवा फोरमन आला आणि माझे ग्रह फिरले. या गृहस्थाचा भरवसा फक्त स्वतःच्या अंगठ्यावर. कडेला नख रोवायचं आणि "झालं!" म्हणायचं. माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. मला फार वाईट वाटे.

एकदा साच्यात त्याच्या सासूबाईंच्या चाकाच्या खुर्चीची बैठक होती. पाठीच्या दुखण्यामुळे जुन्या बैठकीवर त्यांना दहा मिनिटंही बसवत नसे; सारा दिवस आढ्याकडे बघण्यात जाई. नवी बैठक बसवून घ्यायला त्या आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर आडव्या झाल्या होत्या.

फोरमनने नख रोवलं. "झालं! काढा बाहेर."

माझी रेषा अजून उतरतच होती. वरून टणक, आतून चिकट! अशी बैठक आठवड्यात खचली असती. पण मला तोंड कुठे आहे?

"त्या पडद्यावर काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं. जन्मभर नर्सची नोकरी केलेली, त्यामुळे नजर करडी.

"ते काही नाही हो, आई. माझा अंगठा सांगतो ना!"

"जावईबापू, पस्तीस वर्षांत मी नुसता हात लावून कुणाचा ताप लिहिला नाही. थांबा."

सासूबाईंपुढे कुणाचं चालणार? फोरमनने अंगठा मागे घेतला आणि पडद्यासमोर स्टूल ओढलं. दोन तासांनी रेषा सपाट झाली.

"सपाट रेषा बघून आनंद व्हायची माझी ही पहिलीच वेळ," सासूबाई म्हणाल्या.

बैठक निवल्यावर खुर्चीला जोडली आणि त्या बसल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्यांनी चहा मागवला. मग तो पांचट आहे म्हणून जावयाला अर्धा तास फैलावर घेतलं, तेही ताठ बसून! फोरमन बोलणी खात होता आणि हसत होता.

म्हणून सांगतो मित्रांनो, घाई करू नका, धीर धरा. कच्च्या बैठकीवर शेवटी आपल्याच माणसाला बसायचं असतं.