टाचणीचं बाळंतपण

बाइंडिंगच्या कारखान्यात बाईंना सगळे वचकून असत. पानाचा कोपरा जरासा दुमडला तरी तो त्यांना तीन टेबलांवरून दिसायचा, आणि मग दुमडणाऱ्याची काही धडगत नसायची. चौतीस वर्षं त्या पुस्तकं शिवत होत्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात दोन वर्षांची मुलगी. तेव्हा ज्या कामाला जुंपल्या त्या जुंपल्याच. मुलगी शिकली, शाळेत शिकवू लागली, लग्न होऊन बसनं तीन तासांवरच्या गावी गेली. कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, "माझी लेक मास्तरीण आहे." त्यापुढचं त्या कुणाला सांगत नसत.

टाचणी कारखान्यात आली ती विशीची. अनाथाश्रमात वाढलेली, आणि इतकी किडकिडीत की कटिंग मशीनवाल्या काकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव टाचणी ठेवलं. तिला फॉर्मांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायला बसवलं, तर दहातल्या चार वाकड्या. बाई ओरडल्या की इतर मुली रडायच्या, ही हसायची.

"दात काय काढतेस?"

"मावशी, ओरडताना तुमचा चष्मा हळूहळू घसरतो. शेवटपर्यंत पडत मात्र नाही."

बाईंना हसू लपवायला खळीच्या डब्यात वाकून बघावं लागलं.

टाचणीचा नवरा कामासाठी परगावी गेला, दोन महिने फोन करत राहिला आणि मग त्याचा नंबरच बंद झाला. टाचणीला तेव्हा चौथा महिना होता.

"आता पुढे काय?" बाईंनी विचारलं.

"बघू की."

"बघू? बाळ म्हणजे काय रद्दीचा गठ्ठा आहे, आज नाही तर उद्या बघू म्हणायला?"

त्याच आठवड्यात बाईंच्या घरातल्या मागच्या खोलीतल्या ट्रंका हलल्या आणि तिथे टाचणीची खाट आली. दिवस भरले तेव्हा दवाखान्यात बाईच सोबत होत्या. नर्सनं विचारलं, "तुम्ही मुलीची आई ना?" बाई "हो" म्हणून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. टाचणीला मुलगी झाली. बाईंनी महिन्याची रजा टाकली तेव्हा मालकांनी अर्ज दोनदा वाचला. "बाई, रजा? आणि तुम्हाला?"

अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, लेक आली. न कळवता. बाळाचं तिला फोनवर कळलं होतं. आपल्या पाच वर्षांच्या मुलीला नवऱ्यावर सोपवून, तिच्या लहानपणच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली होती. दार उघडंच होतं. बाई बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होत्या आणि बडबडत होत्या, "कोण गं ते? कुणाचं हे ढमाबाईचं नाक? नाक आहे का ढेकूळ?" लेक उंबऱ्यातच थांबली. आईचा हा आवाज ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

बाई वळल्या. "अगं! कधी आलीस?"

"आत्ताच. चालू दे तुझं."

चहा झाला. टाचणीनं "ताई, ताई" करत कपडे बघितले, एकेक गालाला लावून बघितला आणि बाळाला घेऊन आडवी व्हायला गेली. लेक ओट्याजवळ कप विसळत होती. मागे न वळताच तिनं विचारलं, "किती दिवसांची रजा घेतलीस?"

"महिन्याची."

"माझ्या वेळी चार दिवस आली होतीस. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम आहे म्हणालीस."

"होताच हंगाम."

"आत्ताही तोच महिना आहे, आई."

बाईंनी बाळाचं दुपटं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुझ्याजवळ नवरा होता, सासूबाई होत्या. हिला कोण आहे?"

"म्हणजे घरात चार माणसं असली की आई नको असते?" लेकीनं कप उपडा ठेवला. "मला राग कशाचा येतो सांगू? तुला हे जमतच नाही, असं मी धरून चालले होते. माझ्या आईचा स्वभावच कोरडा, ती तरी काय करणार, अशी मनाची समजूत घातली होती. इतकी वर्षं त्यावर निभावलं. आणि इथे येऊन बघते, तर तुला सगळं येतं की!"

बाई तोंड उघडणार एवढ्यात आतून बाळानं टाहो फोडला. दोघी धावल्या. टाचणी पांघरुणात कुडकुडत होती, अंग तापलेलं. "मावशी, छातीत दगड झालेत. बाळ धरतच नाहीये," म्हणत तिनं ओठ चावला. बाईंनी हात पुढे केला, मागे घेतला. दाभण, सुई, कात्री सराईतपणे चालवणारे ते हात आता कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

लेकीनं बाह्या वर केल्या. "दूध साचलंय. आई, गरम पाण्यात टॉवेल पिळून आण. आणि दवाखान्यात फोन कर, येतोय म्हणून सांग. तू गं, अशी उठून बस. पाठीला उशी घे. बाळाला छातीशी आण, छाती बाळाकडे नको नेऊस. हं. तोंड मोठं उघडू दे. आता."

बाळ चुकचुक करत प्यायला लागलं. टाचणीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं.

"दुखतंय?"

"नाही. म्हणजे दुखतंय. पण ताई, मी बाहेरचं ऐकलं. मी तुमची आई घेतली ना?"

"घेतलीस कसली? ती काय खुर्ची आहे?"

"मग तुमचा राग..."

"तुझ्यावर नाही. बाळाची मान सांभाळ."

थोड्या वेळानं टाचणीनं विचारलं, "तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, आणि रडता रडता शिकले. सासूबाई चांगल्या होत्या, पण त्यांना सांगायची लाज वाटायची."

पिळलेला टॉवेल घेऊन बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दुपारी डॉक्टरांनी तपासून औषधं दिली, आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरला. टाचणीला मऊ भात भरवून झाल्यावर बाई लेकीशेजारी येऊन बसल्या.

"मालक मला राहा म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तुझ्या वेळी. हंगाम होता, पण ते म्हणाले होते, बाई, लेकीकडे महिनाभर राहा, आम्ही भागवून घेऊ. मीच पळून आले."

लेकीनं हातातलं औषधाचं पाकीट खाली ठेवलं.

"तुझ्या सासूबाईंनी घेतलं की बाळ शांत व्हायचं. मी घेतलं की रडायचं. तू माझ्याकडे बघायचीस. मला वाटायचं, हिला आता सगळं आठवत असणार. लहानपणी एकदा तुला ताप होता आणि मी बाहेरून कुलूप घालून कामावर गेले होते. परत आले तेव्हा तू दाराशीच झोपली होतीस. चार वर्षांची होतीस."

"मला नाही आठवत ते."

"मला आठवतं ना." बाईंनी चष्मा काढून पुसला. "टाचणीला माझं मागचं काही माहीत नाही. तिच्याजवळ माझा हात थरथरत नाही. तुझ्याजवळ थरथरतो."

"हे तेव्हाच सांगितलं असतंस तर..."

"तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं."

लेक लगेच गळ्यात पडली नाही की 'झालं गेलं विसरून जा' म्हणाली नाही. त्याच संध्याकाळी परत जायची होती, ती रविवारपर्यंत राहिली एवढंच. जाताना टाचणीला बजावून गेली, "काही वाटलं तर मला फोन कर. हिला काही कळत नाही."

तीन महिन्यांनी टाचणी सावरली. बाळ शेजारच्या पाळणाघरात जायला लागलं आणि कारखान्यात टाचणीच्या घड्या पूर्वीइतक्याच वाकड्या पडू लागल्या. मग बाईंनी पुन्हा रजेचा अर्ज दिला आणि लेकीला फोन लावला.

"येऊ का तुझ्याकडे? महिनाभर?"

"आता कशाला? माझी मुलगी शाळेत जाते."

"तिच्यासाठी नाही."

पलीकडे वह्यांचा गठ्ठा बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "ये. पण मला वेळ नसतो, आधीच सांगते."

"मला आहे."

पहिला आठवडा दोघीही एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागल्या. 'घे ना', 'राहू दे', 'मी करते', 'नको, मीच करते'. दुसऱ्या आठवड्यात मात्र ठिणगी पडली. बाईंनी चांगलं वाटावं म्हणून लेकीचं कपाट आवरलं होतं. शाळेतून आल्या आल्या लेक कडाडली, "कुणी सांगितलं होतं? तुला काय माहीत मला कुठलं कुठे लागतं, मला काय आवडतं!"

"नाही माहीत," बाई म्हणाल्या. "सांग."

लेक क्षणभर गोंधळली. मग रागारागातच तिनं सुरुवात केली. चहा तिला साखरेशिवाय लागतो, सहा वर्षं झाली. दार वाजवल्याशिवाय कुणी खोलीत आलेलं तिला खपत नाही. निळा रंग तिला कधीच आवडला नव्हता, तरी लहानपणी तिला सगळे कपडे निळेच मिळाले. तिला चित्रकला शिकायची होती. बाई पलंगाच्या कडेला बसून ऐकत होत्या. लेक दम घ्यायला थांबली की तेवढंच म्हणायच्या, "आणखी?"

फोन वाजला. टाचणीचा होता. लेकीनंच तो उचलला.

"बाळ बरं आहे ना? हसतंय? बरं, मग तासाभरानं कर," ती म्हणाली. "आम्ही भांडतोय."